फूल रेझिनमध्ये जाण्याआधी

पेंडंटमधलं फूल महिन्याभरात तपकिरी पडलं, त्याच्याभोवती धुकट कडं उमटलं, की दोष बहुतेक वेळा रेझिनच्या, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणाऱ्या त्या पारदर्शक द्रवाच्या, माथी मारला जातो. कंपनी बदलली जाते, महागडी बाटली मागवली जाते आणि पुढच्या पेंडंटमध्ये पुन्हा तेच होतं. खरं म्हणजे फूल टिकवणं हे रेझिनचं काम नाही. ते फुलाला कोंडून ठेवतं, आणि फुलासोबत जे काही आत जाईल, मग तो पाकळीतला ओलावा असो, देठातली उरलेली ओल असो की पाकळ्यांच्या घडीत अडकलेली हवा, तेही कायमचं कोंडलं जातं. फूल टिकतं ते नीट सुकवल्यामुळे. त्यामुळे या कलेबद्दल बोलताना साच्यांच्या आधी टीपकागदाबद्दल बोलायला हवं.

आणि नाशकात बोलायचं तर त्याही आधी हवेबद्दल. मुघलांच्या काळात ज्या गावाला गुलशनाबाद म्हणत, जिथल्या मोहाडी-जानोरी पट्ट्यातल्या पॉलिहाऊसमधून आजही गुलाब बाहेरगावी जातात, तिथे फुलांना तोटा नाही. पण फुलांचा भर आणि कोरडी हवा आपल्याकडे एकत्र येत नाहीत. तेरडा, गोकर्ण, पारिजातक, सोनकी, मग दसऱ्याचा झेंडू आणि शेवंती, सगळा बहर श्रावणापासून दिवाळीपर्यंतचा. त्यातला बराच काळ हवा इतकी दमट असते की वहीत दाबलेली पाकळी सुकायच्या आधी बुरशी धरते. उलट डिसेंबर ते फेब्रुवारी हा फूल दाबण्याचा सोन्यासारखा काळ. रात्री पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो, दिवसा हवा कोरडी असते आणि पातळ फूल आठवड्याभरात कागदासारखं कुरकुरीत होतं. म्हणून वर्षाची सरळ विभागणी करून टाकावी: नोव्हेंबर ते मे कागद आणि हवा, जून ते ऑक्टोबर फक्त सिलिका जेल, म्हणजे ओलावा शोषून घेणारे कण. पावसाळ्यात पुस्तकात फुलं ठेवू नयेत. पुस्तकही खराब होतं.

सुकताना फूल तपकिरी का होतं, हे एकदा समजलं की पुढचे निम्मे निर्णय आपोआप होतात. ताज्या पाकळीत ऐंशी ते नव्वद टक्के पाणी असतं. पाकळी कोमेजते, चुरगळते, तेव्हा पेशी फुटतात. आतली फिनॉल वर्गातली द्रव्यं आणि त्यांच्यावर काम करणारं विकर (एन्झाइम), एरवी वेगवेगळ्या कप्प्यांत असणारी ही दोघं एकत्र येतात, हवेतला ऑक्सिजन मिळतो आणि तपकिरी रंग तयार होतो. चिरलेलं वांगं पाण्यात टाकलं नाही तर काळं पडतं, ती हीच क्रिया. तिला पाणी लागतं आणि वेळ लागतो. पाणी जितक्या लवकर काढून घ्याल, तितका रंग वाचेल. मग उन्हातच का ठेवू नये, असं वाटेल. तर ऊन पाणी काढतं तसं रंगही काढतं. वेग हवा, पण अंधारात.

आता रंगाबद्दल, कारण पहिली निराशा तिथेच होते. झेंडू, पिवळी शेवंती, सोनकी यांचा पिवळा-केशरी रंग कॅरोटिनॉइडचा. तो बराचसा जसाच्या तसा राहतो. नवशिक्यानं सुरुवात इथूनच करावी. गुलाबाचा लाल, गोकर्णाचा निळा, तेरड्याचा गुलाबी-जांभळा हे अँथोसायनिनचे रंग. पाणी गेल्यावर ते दाटतात. गडद लाल गुलाब सुकून जवळपास काळा दिसतो, म्हणून दागिन्यात लाल हवा असेल तर ताजेपणी लालभडक फूल घेऊ नये; नारिंगी-लाल किंवा गडद गुलाबी घ्यावं, ते सुकल्यावर हव्या त्या लालपर्यंत येतं. गुलाबी हवा असेल तर अगदी फिकट गुलाबी. बोगनवेल, बटणफूल, चिनी गुलाब यांचा रंग बीटालेन नावाच्या वेगळ्याच द्रव्याचा. त्यांतली बोगनवेल तर मुळातच कागदी. तिचं खरं फूल म्हणजे मधली बारीक पांढरट नळी. आपण जिला पाकळी समजतो ते रंगीत पान. तीन-चार दिवसांत सुकतं, आकार सोडत नाही. फक्त नंतर उजेडात फिकटतं, म्हणून ती खिडकीतल्या शोभेच्या वस्तूत न घालता कानातल्यात घालावी.

पांढरी फुलं सगळ्यांत अवघड, आणि मागणी नेमकी त्यांनाच: मोगरा, जाई, निशिगंध, चाफा. चाफा आणि निशिगंध जाड, पाणीदार. कागदात ते हमखास तपकिरी होतात. मोगरा सिलिकात बरा राहतो, पण शुभ्र नाही, सायीच्या रंगाचा. त्याहून मोठी अडचण रेझिनमध्ये गेल्यावर येते. पांढऱ्या पाकळीत पांढरं असं रंगद्रव्य बहुतेक नसतंच. पेशींच्या मधल्या हवेच्या पोकळ्यांवर उजेड विखुरतो, म्हणून ती पांढरी दिसते. पातळ रेझिन त्या पोकळ्यांत शिरलं की उजेड विखुरायचं थांबतो आणि पाकळी काचेसारखी आरपार होते. सुंदर सुकलेली जुई साच्यात ओतल्यावर दिसेनाशी होते, ती यामुळे. उपाय आहे. सुकलेल्या फुलावर पारदर्शक अ‍ॅक्रिलिक स्प्रे वार्निशचे दोन पातळ हात द्यायचे, साधारण ३० सेंटिमीटरवरून, पुढून आणि मागून, प्रत्येक हातानंतर किमान अर्धा तास थांबून. पोकळ्यांची तोंडं बंद होतात, रेझिन आत शिरत नाही. गोकर्णासारख्या निळ्या-जांभळ्या फुलांनाही हा लेप द्यावा, कारण रेझिन घट्ट करण्यासाठी त्यात मिसळायचा हार्डनर अल्कधर्मी असतो आणि अँथोसायनिनचा रंग आम्ल-अल्कावर बदलतो. पांढऱ्या गोंदाचा लेप मात्र देऊ नये. त्यात पाणी असतं, आणि सुकवण्यात घालवलेले सगळे दिवस त्या एका हातात वाया जातात.

पारिजातकाबद्दल वेगळं लिहायला हवं. त्याचा केशरी देठ केशरातल्या रंगद्रव्याच्याच कुळातला, तो छान टिकतो. पांढऱ्या पाकळ्या मात्र सकाळी नऊपर्यंतच मलूल होतात. रात्री झाडाखाली स्वच्छ धुतलेलं कापड पसरून ठेवावं, म्हणजे फुलं मातीत पडत नाहीत. उजाडताच उचलावीत, दंव टीपकागदानं हलकेच टिपावं आणि अर्ध्या तासाच्या आत सिलिकात घालावीत. तरीही पाकळी थोडी पिवळसर होणारच. मला तो हस्तिदंती रंग केशरी देठाशेजारी शुभ्र पांढऱ्यापेक्षा जास्त शोभून दिसतो. ज्यांना शुभ्रच हवा, त्यांनी पारिजातकाच्या वाटेला जाऊ नये.

इतर फुलं तोडायची वेळ सकाळी साधारण नऊ ते अकरा. दंव उडालेलं असतं आणि उन्हानं फूल मलूल झालेलं नसतं. पूर्ण उमललेलं नको. सुकताना पाकळ्या आणखी सुटतात, म्हणून तीन-चतुर्थांश उमललेलं घ्यावं. बाजारातून आणलेल्या फुलांवर पाणी मारलेलं असतं. ती आधी पंख्याखाली तासभर पसरावीत.

दाबायची फळी घरी होते. २० बाय २० सेंटिमीटरचे १२ मिलिमीटर जाडीचे दोन प्लायवूड तुकडे, चार कोपऱ्यांत भोकं, चार लांब बोल्ट आणि हातानं फिरवता येणारे विंग नट. आत थर असा: पन्हाळीचा पुठ्ठा, त्यावर तीन-चार वर्तमानपत्री कागद, टीपकागद, फुलं, पुन्हा टीपकागद, वर्तमानपत्र, पुठ्ठा. पुठ्ठ्याच्या पन्हाळीतून हवा खेळते, म्हणून तो साधा जाड पुठ्ठा नको. गुळगुळीत मासिकाचा कागद पाणी शोषत नाही, आणि स्वयंपाकघरातल्या टिश्यूवरची नक्षी पाकळीवर उमटते. एका थरात एकाच जाडीची फुलं ठेवावीत, नाहीतर जाड फूल दाब घेतं आणि शेजारचं पातळ फूल सैल राहून सुरकुततं. पहिले तीन दिवस रोज बाहेरचे कागद बदलायचे. सगळ्यात जास्त पाणी तेव्हाच निघतं आणि ओल्या कागदात फूल शिजल्यासारखं होतं. टीपकागद मात्र हलवायचा नाही, पाकळी त्याला चिकटलेली असते, ओढली की फाटते. पातळ फुलांना एक ते दोन आठवडे, जाडसरांना तीन-चार.

गुलाब आणि झेंडू अख्खे दाबू नयेत. झेंडूच्या तळाशी देठाकडचा जो गच्च भाग असतो, तो वरून कोरडा वाटला तरी आत ओला राहतो, आणि पेंडंटमधलं तपकिरी कडं बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतं. पाकळ्या सुट्या करून दाबाव्यात आणि साच्यात पुन्हा मांडाव्यात. दोन मिलिमीटरच्या पातळ टॉप्समध्ये झेंडूच्या पाच-सहा सुट्या पाकळ्या अख्ख्या फुलापेक्षा जास्त उठून दिसतात.

फुलाची उंची, गोलाई ठेवायची असेल तर सिलिका जेल. पाकिटातले मोठे गोल मणी नकोत, त्यांचे खळगे पाकळीवर उमटतात. रव्याएवढे बारीक कण घ्यावेत. निळ्या रंगाच्या सिलिकात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते आरोग्याला चांगलं नाही. केशरी घ्यावं, ते ओलावा पिऊन हिरवं होतं. हवाबंद डब्यात दोन सेंटिमीटरचा थर, त्यावर फूल तोंड वर करून, मग चमच्यानं कडेकडेनं सिलिका सोडत जायचं, म्हणजे पाकळ्यांना खालून आधार मिळतो. थेट वरून ओतलं की फूल चपटं होतं. एक किलो सिलिकात ताजी फुलं साठ-सत्तर ग्रॅमपेक्षा जास्त भरू नयेत. जुई, गोकर्ण, तेरडा यांना दोन-तीन दिवस; गुलाबाच्या कळीला पाच ते सात. त्याहून जास्त ठेवलं तर फूल इतकं ठिसूळ होतं की काढतानाच पाकळ्या गळतात. काढताना डबा तिरका करून कण हळूहळू ओतून घ्यावेत, उरलेले मऊ ब्रशनं झाडावेत. एखादा कण राहिला तर रेझिनमध्ये तो साखरेच्या दाण्यासारखा चमकतो. हिरवं पडलेलं सिलिका ओव्हनमध्ये ११० ते १२० अंश सेल्सिअसला तास-दोन तास तापवलं की पुन्हा केशरी होतं. वर्षानुवर्षं चालतं.

पानं मऊ राहावीत म्हणून ग्लिसरीनच्या पाण्यात ठेवण्याची एक पद्धत आहे. घरातल्या फुलदाणीसाठी ती उत्तम, रेझिनसाठी अजिबात नको. ग्लिसरीन पानात राहतं आणि हवेतलं पाणी ओढत राहतं.

फूल सुकलं हे ओळखायचं कसं? बोटानं चाचपणं पुरेसं नाही, विशेषतः पावसाळ्यात. सोनाराकडे असतो तसा ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा रेझिनसाठी घ्यावाच लागतो, तोच इथे वापरावा. त्याच प्रकारची काही फुलं एकत्र तोलून वजन लिहून ठेवायचं आणि सिलिकात परत ठेवून दुसऱ्या दिवशी पुन्हा तोलायचं. वजन तेच राहिलं तर पाणी गेलं. कमी झालं तर आणखी एक दिवस. एवढी एक सवय लागली तरी वर्षभरातली निम्मी नासाडी थांबते.

सुकलेली फुलं हवेतली ओल पुन्हा पितात. बटर पेपरच्या पाकिटात, प्रत्येकावर नाव आणि महिना लिहून, हवाबंद डब्यात केशरी सिलिकाच्या पुडीसह अंधारात ठेवावीत. मे संपायच्या आत हा साठा भरलेला असावा. मग जून-जुलैत बाहेर काहीही कोसळत असलं तरी काम थांबत नाही.

नाशकातल्यांनी एका गोष्टीकडे जरूर पाहावं, ती म्हणजे द्राक्षाच्या वेलीच्या बाळ्या. छाटणीनंतर नव्या फुटीवर त्या येतात आणि बागेत त्या काढूनच टाकतात. टोकाला गुंडाळी असलेली कोवळी बाळी दाबून सुकवली की पेंडंटमध्ये रेखाटल्यासारखी दिसते, आणि तिचा हिरवा रंग सुकून फिकट सोनेरी झाला तरी बिघडत नाही. बागेत फवारणी झालेली असते, म्हणून आधी धुवून पूर्ण निथळू द्यावी. दुसरीकडे, अंजनेरी-ब्रह्मगिरीच्या सड्यांवरची, म्हणजे खडकाळ पठारांवरची, पावसाळी फुलं तोडू नयेत, एकही नाही. ज्या डोंगरावरून सेरोपेजिया अंजनेरिका या कंदीलपुष्पाला नाव मिळालं, तिथलं कुठलं फूल दुर्मीळ आणि कुठलं नाही हे आपल्याला पाहून सांगता येत नाही. घराशेजारची घाणेरी, रस्त्याकडेचं गवतफूल, कुंडीतला नेचा यांत हजार दागिन्यांचा ऐवज आहे.

लग्नातल्या वरमालेची फुलं रेझिनमध्ये जपून देण्याचं काम करणाऱ्यांना हे सगळं फार लवकर शिकावं लागतं. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू झाले की लोक हार घेऊन येतात, आणि तो बहुतेकदा दोन-तीन दिवस प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेला असतो. निशिगंध तोवर पाणावलेला, गुलाब आतून काळा. अशा हारातलं काय वाचेल ते स्पष्ट सांगावं. सगळंच वाचेल असं आश्वासन देऊ नये. लग्नघरी आधीच कळवता आलं तर सूचना एवढ्याच: हार काढल्यावर पाणी शिंपडू नका, प्लास्टिकमध्ये घालू नका, वर्तमानपत्रात सैल गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आणून द्या. आल्या आल्या दोरा कापून फुलं सुटी करायची, चमकी झटकायची आणि डागाळलेल्या बाहेरच्या पाकळ्या काढून टाकायच्या. गुलाबाच्या आतल्या पाकळ्या बहुधा वाचतात. निशिगंधाच्या उमललेल्या फुलांपेक्षा टोकाच्या मिटलेल्या कळ्या चांगल्या सुकतात. अख्ख्या हारातून मूठभरच उरलं तरी दोन पेंडंट आणि एक अंगठी सहज होते, आणि माणसांना तेवढं पुरतं. त्यांना त्या दिवसातलं काहीतरी जवळ हवं असतं.

आता ओतकाम. इपॉक्सी रेझिन आणि हार्डनरचं प्रमाण बाटलीवर लिहिलेलं असतं, बऱ्याचदा २:१ किंवा ३:१. ते वजनाचं आहे की मापाचं, हे नीट वाचावं. रेझिन हार्डनरपेक्षा जड असतं, त्यामुळे मापातलं २:१ वजनात २:१ राहत नाही. तीन सेंटिमीटर व्यासाच्या, सहा मिलिमीटर जाडीच्या गोल पेंडंटला जेमतेम पाच ग्रॅम मिश्रण लागतं, पण इतकं थोडं कालवू नये. थेंबाभराच्या चुकीनंही प्रमाण बिघडतं. वजनाचं २:१ असेल तर १४ ग्रॅम आणि ७ ग्रॅम, असं एकवीस ग्रॅम करून चार-पाच साचे एकदम भरावेत. लवकर घट्ट व्हावं म्हणून हार्डनर जास्त घालणं हा गैरसमज आहे. जास्तीचा हार्डनर तसाच उरतो आणि वस्तू चिकट राहते. तीन मिनिटं सावकाश ढवळायचं, कडा आणि तळ खरवडत. हातात नायट्राइलचे मोजे, खिडकी उघडी. रेझिनची अ‍ॅलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही, आणि ती पहिल्याच दिवशी होते असं नाही.

फूल थेट साच्यात टाकून वरून ओतलं तर ते तरंगतं, आणि त्याखालची हवा बुडबुड्यांच्या रूपानं अडकते. आधी दोन मिलिमीटरचा थर ओतावा, तो जेलीसारखा होऊ द्यावा. मग फुलाला ब्रशनं पुढून-मागून पातळ रेझिन लावून चिमट्यानं ठेवावं आणि थोड्या वेळानं वरचा थर द्यावा. यूव्ही रेझिन, म्हणजे अतिनील दिव्याखाली घट्ट होणारं रेझिन, वापरणाऱ्यांनी फुलाच्या सावलीचं भान ठेवावं. गडद पाकळीच्या मागे दिव्याचा उजेड पोचत नाही, तिथलं रेझिन ओलंच राहतं आणि काही आठवड्यांनी झिरपतं. पातळ थर, आणि दिवा दोन्ही बाजूंनी.

नाशिकचे ऋतू इथेही आडवे येतात. जानेवारीच्या सकाळी रेझिन मधासारखं दाट होतं, बुडबुडे वर येत नाहीत, बाटलीत कधी पांढरे खडे दिसतात. बंद बाटली कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवली की पातळ होतं, खडे असतील तर थोडं जास्त गरम पाणी आणि जास्त वेळ. मे महिन्यात उलट, कपातलं मिश्रण पाहता पाहता तापतं, म्हणून काम सकाळी लवकर. पावसाळ्यात हार्डनर हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावून वर तेलकट पांढरा पापुद्रा धरतो. तो साबणाच्या कोमट पाण्यानं धुवून, पॉलिश पेपरनं घासल्याशिवाय पुढचा थर देऊ नये, नाहीतर थर सुटतात.

पेंडंटसाठी धातूच्या चौकटी घडवायच्या असतील तर सराफ बाजार जवळ आहे आणि चांदीचं काम करणारे हातही. चौकट मागून बंद असेल तर तळाशी पांढऱ्या रंगाचा अगदी पातळ थर द्यावा, म्हणजे पातळ पाकळ्यांतून धातूचा करडा रंग दिसत नाही.

साचा चोवीस तासांनी सोडवता येतो, पण घासकाम आणि भोक पाडणं तीन दिवसांनंतरच. पाणी लावून ४०० नंबरच्या पॉलिश पेपरपासून ८००, १५००, २००० असं जायचं. आणि मांडणी करतानाच पाकळीच्या सगळ्या बाजूंनी निदान एक मिलिमीटर स्वच्छ रेझिन राहील असं पाहायचं. कड घासताना पाकळीचं टोक उघडं पडलं किंवा कडीसाठीचं भोक पाकळीतून गेलं, तर तिथून हवा आणि घाम आत जातात आणि कोरडं केलेलं फूल वर्षभरात कडेकडून काळवंडू लागतं. असं टोक उघडं पडलेलं दिसलं तर वस्तू गिऱ्हाईकाला देऊ नये. घासलेली बाजू पुसून, कोरडी करून, ब्रशनं रेझिनचा एक पातळ हात द्यावा आणि ते सुकेपर्यंत डबा उपडा घालून धुळीपासून झाकून ठेवावं.